ई-२० आणि कार्बोरेटर: चालती गाडी तगते, उभी गाडी सडते

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

आजचा विषय तुमच्या मेसेजेसमधूनच आलाय. गेल्या वर्षभरात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "घरी जुनी फियाट आहे, ई-२० टाकलं तर चालेल का?" "वडिलांची ८९ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. इंजिन जाईल का?" "मिस्त्री म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी येतंय, खरं आहे का?"

व्हॉट्सॅपवर या प्रश्नाची दोनच उत्तरं फिरतात. एक म्हणजे, "ई-२० हे विष आहे, इंजिन संपलं." आणि दुसरं, "काही होत नाही, सगळा अपप्रचार आहे." जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीपुरतं बोलायचं तर दोन्ही उत्तरं कामाची नाहीत. माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो: इथेनॉलने जुनी गाडी चालताना मरत नाही, ती उभी असताना सडते. आणि आपल्या जुन्या गाड्या तर बहुतेक वेळ उभ्याच असतात. पुढची वीसेक मिनिटं मी एवढंच समजावून सांगणार आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑटोमोबाईलमधली डिग्री माझ्याकडे नाही. पण कराडजवळ आमच्या गावी काकांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि गेली पाच-सहा वर्षं तिच्याखाली पडून राहणं हा माझा सुट्टीचा उद्योग आहे. गंमत अशी की ज्या वाड्यात ती पद्मिनी उभी असते, त्याच वाड्याच्या मागे काकांचा ऊस उभा असतो. कारखान्याची डिस्टिलरी चालली, तेल कंपन्यांनी इथेनॉल उचललं, की कारखान्याच्या हातात पैसा लवकर येतो. साखर विकून पैसा यायला महिने लागतात. म्हणजे काकांच्या उसाचं बिल वेळेत येण्यात इथेनॉलचा हातभार आहे, आणि त्यांच्या गाडीचा कार्बोरेटर खराब होण्यातही आहे. काकांना मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या बाजूचे?" ते म्हणाले, "बिल वेळेवर येऊ दे रे, मग गाडीच्या तब्येतीचं बघू." त्यामुळे हा भाग इथेनॉलच्या बाजूचाही नाही आणि विरोधातलाही नाही. आपल्या टाकीत आता जे येतंय ते येतंय. त्याच्याबरोबर नांदायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

आधी थोडा इतिहास, कारण "हे काहीतरी अचानक आलं" असा समज आहे. मळीपासून बनवलेला अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता, इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट. आताच्या कार्यक्रमाची सुरुवात २००१ मध्ये पथदर्शी प्रकल्पांनी झाली आणि त्यातली दोन ठिकाणं आपल्या महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं. मग बरीच वर्षं ते रखडत चाललं. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० निवडक पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. आधी हे उद्दिष्ट २०३० चं होतं. म्हणजे शून्यापासून १० पर्यंत यायला वीस वर्षं लागली, आणि १० ते २० हा प्रवास तीन वर्षांत झाला. नव्या गाड्यांचे कारखाने या वेगाने बदलू शकतात. १९८६ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी मात्र आपणहून बदलू शकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे कार्बोरेटर करतो काय?

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. नव्या इंजेक्शनवाल्या गाडीत एक सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो, कॉम्प्युटर बघतो की मिश्रण पातळ झालंय, आणि पुढच्या क्षणी पेट्रोल थोडं जास्त सोडतो. म्हणजे चूक झाली तर ती परत आत कळते. कार्बोरेटरमध्ये असं काही नाही. पितळेच्या जेटला पाडलेलं एक भोक, फ्लोटची उंची, हवेची वाट, बस. ते आकडे कंपनीने त्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवले आणि धातूत कोरून टाकले. तो प्रोग्रॅम आजही बिनचूक चालतोय. बदललंय ते त्याला मिळणारं इनपुट.

किती बदललंय? शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला ९ किलोच पुरते. दोघांचं २० टक्क्यांचं मिश्रण केलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. पण आपल्या कार्बोरेटरला हे माहीतच नाही. तो बिचारा जुन्या हिशोबाने हवा देतोय. परिणाम असा की इंजिनला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं, आणि हा फरक शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठेक टक्क्यांचा असतो. ई-१० वर लावलेली गाडी असेल तर चारेक टक्के. यालाच गॅरेजमध्ये "लीन चाललीय" म्हणतात.

दुसरा आकडा अ‍ॅव्हरेजचा. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्याच्या दोन तृतीयांशच एक लिटर इथेनॉलमध्ये असते. त्यामुळे ई-२० च्या लिटरमागे ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येही, शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० वर ट्यून केलेल्या चारचाकी गाड्यांसाठी ६ ते ७ टक्के घट हाच अंदाज दिलेला आहे. म्हणून कोणी "माझं अ‍ॅव्हरेज निम्मं झालं" म्हणत असेल, तर गाडीत आणखी काहीतरी बिघडलंय असं समजा. इथेनॉलच्या नावावर सगळी पापं खपवू नका.

लीन चालल्याने होतं काय? थंड गाडी सुरू व्हायला त्रास देते, कारण इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर गाडी अडखळते, मग उचलते. कधी कार्बोरेटरमधून मागे फुटते. घाटात इंजिन जास्त तापतं. आणि स्पार्क प्लग काढून बघितला तर टोक बिस्किटाच्या रंगाचं असायला हवं, ते पांढुरकं दिसतं.

ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती आमच्या मिस्त्रींनी शिकवली. गाडी गरम झाल्यावर चोक अगदी थोडा ओढून चालवून बघायची. चोक ओढल्यावर गाडी सुधारली, तर ती लीन आहे. बिघडली, तर नाही. यंत्र नको, काही नको.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्या आधीपासून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत असतात. जेट झिजलेले, सुया झिजलेल्या, कोणीतरी कधीतरी भोकात तार घालून साफ केलेली. अशा गाडीला ई-२० ने उलट थोडं बरंच वाटतं! म्हणून डोळे झाकून जेट मोठा करू नका. आधी प्लग बघा, चोकची परीक्षा घ्या, मगच जेटला हात लावा.

लावायचाच झाला तर किती? सोलेक्स जातीच्या जेटवर जो आकडा असतो तो भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० चा १२५ केला तर व्यास फक्त चार टक्के वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. म्हणजे एका पायरीत शून्य ते ई-२० चा सगळा फरक भरून निघतो. दोन पायऱ्या चढायची गरज नाही. मॉरिस मायनर किंवा जुन्या एमजीसारख्या एसयू कार्बोरेटरवाल्या गाड्यांत तर खालचा नट थोडा उतरवला की काम होतं. आणि ते आयडलिंगचं स्क्रू पिळून मोकळं होणं पुरेसं नाही. त्याने गाडी सिग्नलला छान उभी राहील, पण हायवेला लीनच धावेल.

म्हणजे मिश्रणाचा प्रश्न हा हिशोबाचा प्रश्न आहे आणि तो सुटतो. आता त्याहून अवघड भाग, साहित्याचा.

जुन्या कार्बोरेटरमध्ये आणि पेट्रोलच्या वाटेवर काय काय असतं? रबरी पाईप, पंपाचा डायफ्रॅम, बुचाचं किंवा कागदाचं पॅकिंग, अ‍ॅक्सिलरेटर पंपाची चामड्याची किंवा रबरी वाटी, जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी, पितळेचे जेट, सोल्डरने बंद केलेला पितळी फ्लोट. हे सगळं पेट्रोलला तोंड देण्यासाठी निवडलेलं होतं. अल्कोहोलला नाही.

सुताराला विचारा. लाकडाला पॉलिश करायला तो लाखेच्या चपड्या कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. काही फार जुन्या गाड्यांत फ्लोट बुचाचा असायचा आणि त्यावर हाच लाखेचा थर दिलेला असायचा. पेट्रोलमध्ये तो थर वर्षानुवर्षं टिकला. त्याला अल्कोहोल लागला की तो सुटतो, बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होतो आणि कार्बोरेटर ओसंडून वाहतो. जुन्या रबराचंही तसंच. आधी फुगतं, मऊ होतं, मग गाडी उभी राहिली की सुकून चिरा पडतात.

मी एक साधा प्रयोग केला. बाजारात "पेट्रोल पाईप" म्हणून मिळणाऱ्या तीन-चार नळ्यांचे तुकडे घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवून महिनाभर गच्चीच्या कोपऱ्यात, सावलीत ठेवले. एक तुकडा बोटांना काळा रंग लागेल इतका चिकट झाला. एक इतका फुगला की ज्या नळीवर घट्ट बसत होता तिच्यावरून सहज ओघळला. इंधनासाठीचं एसएई जे३० आर९ मानांकन छापलेला होता, तो जसाच्या तसा. किमतीतला फरक एका सिनेमाच्या तिकिटाइतका. आणि ही काटकसर कुठे करतोय बघा: बहुतेक जुन्या गाड्यांत कार्बोरेटरच्या खाली किंवा शेजारीच लाल तापलेला एक्झॉस्ट असतो. तिथे पाईप गळला तर प्रश्न अ‍ॅव्हरेजचा राहत नाही, गाडी पेटण्याचा होतो. या संपूर्ण भागातून एकच गोष्ट करणार असाल, तर पाईप बदला. आज बदला.

सरकारी बाजूनेही हे नाकारलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जे स्पष्टीकरण दिलं, त्यात काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात असं म्हटलंय, आणि हे काम स्वस्तातलं आहे असंही. किलोमीटरचा हिशोब रोज धावणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे. पण काकांची पद्मिनी वर्षाला हजार किलोमीटरही जात नाही. तिचे २० हजार किलोमीटर व्हायला वीस वर्षं लागतील. रबर तोवर थांबणार नाही. म्हणून जुन्या गाडीचा हिशोब किलोमीटरमध्ये करायचा नाही, महिन्यांत करायचा.

आता येतो मी सुरुवातीच्या वाक्यावर, की उभी गाडी सडते.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळतच नाही, ते वेगळं तळाशी बसतं. इथेनॉल मिसळलं की थोडं पाणी पोटात घेतलं जातं. १५ अंश तापमानाला ई-१० च्या एका लिटरमध्ये साधारण ५ मिलिलिटर, ई-२० मध्ये त्याहून जास्त. रोज चालणाऱ्या गाडीसाठी हे चांगलंच आहे! थोडंफार पाणी इंधनाबरोबर जळून बाहेर पडतं, साचत नाही.

पण गाडी चार महिने पावसाळ्यात उभी राहिली की चित्र पालटतं. जुन्या टाकीचं झाकण श्वास घेतं. दिवसा आतली हवा तापून बाहेर, रात्री दमट हवा आत. झाकणाचं रबर गेलं असेल तर थेट पावसाचं पाणीही. इथेनॉल ते घेत राहतं, घेत राहतं, आणि एका मर्यादेनंतर सगळंच सोडून देतं. मग इथेनॉल आणि पाणी दोघं हात धरून तळाशी जाऊन बसतात, वर उरतं ते ऑक्टेन कमी झालेलं पेट्रोल. आणि पेट्रोल उचलणारी नळी कुठे असते? तळाशीच. त्या तळाच्या द्रावणावर इंजिन चालत नाही, आणि धातूला त्याच्याइतका वाईट शेजारी नाही. टाकीच्या पत्र्याला गंज, जस्ताच्या बॉडीवर पांढरी भुकटी, पितळेवर हिरवट कळंक. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये तर वाटीभरच इंधन असतं. त्यातलं पेट्रोल उडून जातं, उरतो तो चिकटा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेलो. पद्मिनी जूनपासून उभी होती. सेल्फ मारून बॅटरी दमली, गाडी काही सुरू होईना. मिस्त्री आले, कार्बोरेटर खोलला. चेंबरच्या तळाला मिठासारखं पांढरं, फ्लोटची सुई जागेवर चिकटलेली आणि मेन जेट बंद. विशेष म्हणजे त्या सुईचं रबरी टोक वर्षभरापूर्वीच नव्या किटमधून घातलेलं होतं. किट एका दुकानातून घेतलेलं, पाकीट चकचकीत, पण रबर जुन्याच जातीचं. मिस्त्रींनी सुई नखाने दाबून दाखवली, टोक च्युइंगगमसारखं दबत होतं. म्हणाले, "बाळा, गाडी चालवली असती तर हे आपल्याला श्रावणातच कळलं असतं. उभी होती म्हणून इतकं खाल्लं." अख्ख्या भागाचा सारांश त्यांनी तिथेच सांगितला.

कोणी म्हणेल, म्हणजे कार्बोरेटर आणि इथेनॉल जमतच नाही. तसं नाही. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि १९७९ मध्ये तिथे फियाट १४७ ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी गाडी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडायला लागली. आपल्या पद्मिनीची चुलत बहीणच म्हणा. आणि तिला कार्बोरेटरच होता! फक्त अल्कोहोलच्या गाड्यांसाठी तिथे जेट बदलले, आतून निकेलचा मुलामा दिला, रबर बदललं. म्हणजे हे तंत्रज्ञान जमतं, सिद्ध झालंय. पण ते कारखान्यात जमवलं गेलं. आपल्याकडे ते काम मालकाच्या आणि मिस्त्रीच्या अंगावर येऊन पडलंय, तेही कोणी न सांगता.

उन्हाळ्याचंही सांगायला हवं. मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलेली फियाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पेट्रोलची वाफ नळीत अडकते आणि पंप ती ढकलू शकत नाही. त्याच पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की त्याचा बाष्पदाब आणखी थोडा वाढतो आणि ५० ते ७० अंशांच्या पट्ट्यात ते जास्त उडायला लागतं. बॉनेटखालचं तापमान नेमकं तेच असतं. इंजिन बंद करून चहाला थांबलात की चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि परत आल्यावर गाडी सुरू होत नाही. उपाय जुनेच: पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का बघा, रेडिएटर साफ ठेवा.

आता रेप्लिकावाल्यांसाठी. लग्नाच्या वरातीत नवरदेव ज्या "विंटेज" गाडीतून येतो, ती अनेकदा विंटेज नसते. खाली जीपची किंवा मारुतीची चासी, वर फायबरची बॉडी, आत कार्बोरेटरवालं जुनं इंजिन. चालवणाऱ्याचं पोट त्यावर असतं. पण लग्नसराई संपली की ही गाडी शेडमध्ये, थेट पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हणजे सगळ्यात धोक्याचा काळ ती उभीच काढते. त्यात काही ठिकाणी टाकीही फायबरची बनवलेली असते. साध्या पॉलिएस्टर रेझिनची टाकी इथेनॉल हळूहळू मऊ करतं आणि ते विरघळलेलं रेझिन जेटमध्ये, व्हॉल्व्हवर जाऊन बसतं. ते कार्बोरेटर क्लीनरनेही सहज सुटत नाही. अशी टाकी असेल तर मलमपट्टी करत बसू नका. स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमची बनवून घ्या.

आणि ५० वर्षांवरच्या ज्या खऱ्या विंटेज गाड्या २०२१ च्या नियमांनुसार व्हीए मालिकेत नोंदवल्या जातात, त्या रोजच्या वापरासाठी नाहीतच. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे कायद्यानेच त्या उभ्या असतात.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप बदला. मानांकन छापलेलाच घ्या आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवा. गाडीत छोटं अग्निशामक ठेवा.

दुसरं, कार्बोरेटर किट घेताना सुईचं टोक आणि डायफ्रॅम विटॉनसारख्या रबराचे आहेत का विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर एक सुटा भाग आठवडाभर पेट्रोलमध्ये बुडवून बघा, मग गाडीत घाला.

तिसरं, पेट्रोल फिल्टर. इथेनॉल जुन्या टाकीतली वर्षांची घाण सोडवतं. पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर नक्की बदला.

चौथं, प्लग आणि चोकची परीक्षा. गरज असेल तरच जेटची एक पायरी.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालवा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पंधरा-वीस किलोमीटर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. नुसती जागेवर सुरू करून बंद करणं उपयोगाचं नाही.

सहावं, पावसाळाभर उभी राहणारच असेल, तर टाकी रिकामी करा आणि पंपाची नळी काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे चेंबर कोरडं होईल. हो, कोरडं ठेवल्याने चामड्याची वाटी सुकते हे खरंय. पण ती वाटी बदलता येते, खाल्लेली बॉडी बदलता येत नाही. महिनाभराचाच प्रश्न असेल तर टाकी गच्च भरून ठेवा, आत हवेला जागाच उरत नाही.

काय करू नका तेही सांगतो. व्हिडिओ बघून पाणी घालून पेट्रोलमधून इथेनॉल "काढायच्या" फंदात पडू नका. नळकांड्यात थोडं पेट्रोल, थोडं पाणी घालून हलवलं की पाण्याची पातळी वाढते, त्यावरून इथेनॉलचा अंदाज येतो. मोकळ्या जागेत, आगीपासून लांब, तपासणी म्हणून ठीक. पण इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०० च्या वर असतो आणि रिफायनरी तो धरूनच मूळ पेट्रोल बनवते. तो काढला की उरतं हलकं, पाणी शिवलेलं पेट्रोल. दुसरं, नावात प्रीमियम आहे म्हणून इथेनॉल नाही असं समजू नका. तिसरं, गंजरोधक अ‍ॅडिटिव्हने धातूला मदत होते, पण एकदा टाकीत वेगळं झालेलं पेट्रोल कुठल्याही बाटलीने परत जुळत नाही. ते काढूनच टाकावं लागतं.

शेवटी एक मागणी. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणलं, पण जुन्या गाड्यांसाठी महागड्या सुपर पेट्रोलमध्ये ई-५ चालू ठेवलं. ज्याला हवं तो जास्त पैसे मोजतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांना असा पर्याय पंपावर सहजासहजी दिसत नाही, आणि पंपावर किती टक्के ते ठळक लिहिलेलं सापडणंही कठीण. निदान नोझलवर आकडा तरी लिहा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुनी आवृत्ती बंद करतो तेव्हा आधी नोटीस देतो, बदल काय ते लिहून देतो. पेट्रोलच्या बाबतीत ज्याच्या गाडीत बदल व्हायचाय त्याला तेवढं कळण्याचा हक्क आहे. उसाचं बिल वेळेत यावं आणि कार्बोरेटरही शाबूत राहावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. फक्त दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी कोणीतरी उघडपणे घ्यायला हवी.

आणि तुमच्या गल्लीत अजून कार्बोरेटर खोलणारे मिस्त्री असतील, तर त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा, शिका. जेट मिळतील, पाईप मिळतील. प्लगचं टोक बघून गाडीचं दुखणं सांगणारी नजर दुकानात मिळत नाही.

तुमच्या गाडीचा अनुभव, कुठला भाग टिकला, कुठला फुगला, नक्की कळवा. पुढच्या भागात इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल बोलू: जुन्या गाडीला लावावं की प्लॅटिनम पॉइंटच बरे. तोपर्यंत या रविवारी गाडीचं कव्हर काढा आणि एक चक्कर मारून या. भेटू.